टोवेबाईंचा स्वदेशी बेत

साखरपुड्याच्या जेवणाला तासभर उरला असताना टोवेबाईंनी बेदाण्यांचा अख्खा पाव टेबलावरून उचलला आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. बेदाणे कॅलिफोर्नियाचे होते. त्याआधी कोला गेला होता, केचप गेले होते, आणि सुनेने दोन दिवस खपून केलेला थरांचा केकही त्यातल्या अमेरिकी बदामांपायी गेला होता. अमेरिकेने डेन्मार्कच्या ग्रीनलंडवर डोळा ठेवल्यापासून टोवेबाईंचा हुकूमच होता: "माझ्या टेबलाशी अमेरिकेचं काहीही येता कामा नये."

"सासूबाई, मग उरलं काय?" बोडिलने विचारले.

"बटाटे, डुकराचं मटण, मासे. तुझ्या सासऱ्यांनी यावर पंचेचाळीस वर्षं काढली."

आजचे जेवण साधे नव्हते. नातू एस्बेन डेन्मार्कच्या हवाई दलात वैमानिक. त्याने स्वीडनची लिनेआ पसंत केली होती. लग्न आपल्या गावच्या चर्चमध्ये व्हावे, असे टोवेबाईंनी मनाशी धरले होते. मुलीचे आजोबा सिक्स्टेन मात्र आपल्या गावावर अडून बसले होते. जन्मभर त्यांनी तिथल्या कारखान्यात लढाऊ विमानांचे पंख जोडले होते. त्यांना आज वळवायचे होते.

पाहुणे बसले. हेरिंग माशाचे दोन तुकडे पोटात जाताच सिक्स्टेन रंगात आले.

"शेजारचं आमचं विमान सोडून तुम्ही समुद्रापलीकडून अमेरिकेचं आणलंत! उद्या त्यांनी सुटे भाग पाठवले नाहीत, तर त्यात काय कोंबड्या पाळणार?"

टोवेबाईंना हे इतके पटले की त्यांनी स्वतःच्या हाताने त्यांना आणखी एक बटाटा वाढला. मग त्यांची नजर नातवाकडे वळली.

"एस्बेन, तू काय उडवतोस रे?"

"आजी, तुला माहीत आहे."

"ऊठ. ताट घे आणि स्वयंपाकघरात बस."

"अगं, साखरपुडा माझा आहे!"

"नियम म्हणजे नियम."

एस्बेन गेला. पाठोपाठ लिनेआही उठली, जाता जाता वळून म्हणाली, "आजोबा, आपल्या विमानाचं इंजिन कुठलं, तेही सांगा की."

सिक्स्टेन खोकले. "पंख आमचे. शेपटी आमची. रंगसुद्धा आमचा."

"आणि इंजिन?" टोवेबाईंनी विचारले.

"ते... मूळ अमेरिकेचं. पण बसवतो आम्हीच!"

चर्च हातचे चालले, हे टोवेबाईंना स्वच्छ दिसत होते. परंतु दिलेला हुकूम मागे घेण्याची त्यांना सवय नव्हती. त्यांनी हातातल्या काट्यानेच स्वयंपाकघराच्या दाराकडे खूण केली. लालबुंद झालेले सिक्स्टेन ताट घेऊन निघाले.

"माझा भाऊ त्या अमेरिकी विमानांचेच भाग बनवतो, सासूबाई," बोडिल म्हणाली. "तेव्हा मीही जाते." जाताना तिने रश्श्याचे भांडेही नेले.

टेबलाशी टोवेबाई एकट्या उरल्या. स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज येत होता. केक कापला जात होता. कोरडा बटाटा दोनदा घशात अडकल्यावर त्या उठल्या आणि दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

"जागा आहे का?"

"नियम म्हणजे नियम, टोवेबाई," सिक्स्टेन केकने भरल्या तोंडाने म्हणाले. "इथं बसायचं तर थोडी तरी अमेरिका लागते. तुमच्यात काय आहे?"

"काही नाही! आजी अस्सल इथलीच आहे," एस्बेन म्हणाला.

टोवेबाईंनी गळ्याशी लावलेली पिन सरळ केली.

"अडुसष्ट साली मी विमानांच्या कसरती पाहायला गेले होते. तिथं एका अमेरिकी वैमानिकाने मला मागणी घातली. मी हो म्हटलं."

बोडिलची सुरी केकमध्येच थांबली.

"मग?" लिनेआने विचारले.

"मग काय? वसंतात परत येतो म्हणाला." टोवेबाईंनी स्टूल ओढले आणि केकची ताटली पुढ्यात घेतली. "त्या लोकांवर विसंबू नये, हे मी काही पेपरात वाचून म्हणत नाही."

सिक्स्टेन यांनी टोवेबाईंचा पेला भरला आणि ते हळूच म्हणाले, "लग्न तुमच्याच चर्चमध्ये करू."

"ते ठरलेलंच होतं," टोवेबाई म्हणाल्या.