दिगंबरपंतांची पूर्ण तयारीची गाडी

एका जंगलात, मुलांनो, एक अस्वल राहत होते आणि त्याच्या दारात एक गाडी राहत होती. अस्वलाचे नाव दिगंबरपंत. गाडीला अजून नाव नव्हते. ती कंपनीतून आली तशीच होती. पांढरी, मोठी, चारही चाकांना जोर असलेली आणि जरा बावळट.

ही गाडी दिगंबरपंतांनी हौसेसाठी घेतलेली नव्हती. घाटापलीकडे त्यांची थोरली बहीण राहत होती. यमूआक्का. आई गेली तेव्हा दिगंबरपंत दोन महिन्यांचे होते. आक्काने त्यांना पाठीवर घेतले आणि एकटीने घाट ओलांडून मावशीकडे आणले. त्या वेळी घाटात खरोखरच वाट नव्हती. आक्काच्या पाठीवरचे केस घट्ट धरून ठेवायचे, एवढीच दिगंबरपंतांची त्या प्रवासाची तयारी होती.

पुढे आक्का लग्न होऊन घाटापलीकडे गेली. भाऊबीजेला भावाने बहिणीकडे जायचे असते, पण या घरात उलटे होते. दर वर्षी आक्काच यायची. रस्ता कसा आहे असे विचारले तर म्हणायची, "रस्त्यासारखा रस्ता." दिगंबरपंतांना वाटायचे, आक्का धीराची आहे म्हणून असे बोलते.

मग आक्काचे गुडघे धरले. तिने करकोच्याबरोबर निरोप धाडला.

करकोचा अंगणात उतरला, एक पाय वर घेतला आणि म्हणाला, "आक्का म्हणतात, दिगू, यंदा तू ये. मधातले अनारसे करते. कुमुदलाही आण."

कुमुद म्हणजे दिगंबरपंतांची बायको. तिने त्याच दिवशी पिशवी भरून दाराशी ठेवली. दिगंबरपंतांनी गाडी घेतली. आता फक्त बसायचे आणि निघायचे.

इथेच गोष्ट संपली असती, मुलांनो. पण निघण्यापूर्वी दिगंबरपंत हवा भरायला खवल्या मिस्त्रीकडे गेले.

खवल्या मिस्त्री हे खवले मांजर होते. त्याच्या अंगावर जन्मापासून चिलखत होते. त्यामुळे चिलखत नसलेले काही दिसले की त्याचा जीव तुटायचा.

त्याने गाडीभोवती एक फेरी मारली. "अशीच नेणार घाटात?"

"अशीच म्हणजे?"

"म्हणजे कंपनीने दिली तशी? नागडी?" मिस्त्रीने जीभ टाळ्याला लावून च्यक् केले. "न्या. तुमची मर्जी. मी फक्त हवा भरतो."

दिगंबरपंतांनी गाडी तिथेच ठेवली.

आधी मोठे टायर बसवले. मोठे टायर वळताना घासू लागले, म्हणून गाडी वीतभर उचलली. गाडी उचलल्यावर तिचे दिवे झाडांच्या शेंड्यांवर पडू लागले, म्हणून खाली दुसरे सहा दिवे लावले. सहा दिव्यांना बॅटरी पुरेना, म्हणून दुसरी बॅटरी आली. मग पुढे लोखंडी बंपर आला आणि त्यात तारेचा रहाट. गाडी चिखलात रुतली तर तार झाडाला बांधायची आणि गाडीने स्वतःला ओढून काढायचे. एवढे वजन जुन्या स्प्रिंगांना झेपेना. नव्या आल्या.

"नदी लागेल," मिस्त्री म्हणाला. "इंजिनाच्या नाकात पाणी गेलं तर?"

म्हणून गाडीला छपरापर्यंत उंच नाक बसवले.

भाऊबीज चार दिवसांवर आली. दिगंबरपंतांनी करकोच्याला सांगितले, "आक्काला म्हणावं, गाडी तयार होतेय. पुढच्या वर्षी नक्की. आणि म्हणावं, गाडी आता चार हात उंच झालीये."

करकोचा गेला आणि उलटा निरोप घेऊन आला. "आक्का म्हणतात, बरं. चार हात म्हणजे अंगणातल्या जांभळीची फांदी आड येईल. ती तोडून घेते."

"बघ," दिगंबरपंत बायकोला म्हणाले, "आक्कालाही पटलं."

कुमुदने दाराशी ठेवलेली पिशवी रिकामी केली.

त्या जंगलात 'दुर्गम वाट मंडळ' नावाचे एक मंडळ होते. दिगंबरपंतही त्यात सामील झाले. दर रविवारी सभासद वडाखाली आपापल्या गाड्या आणत, बॉनेट उघडत आणि एकमेकांच्या इंजिनात डोकावत. टायरात हवा किती असावी यावरून मंडळ दोनदा फुटले होते. अध्यक्ष घुबड होते. घाटात कडे कोसळतात, दलदल आहे आणि पूल असतो तिथे पूल नसतो, हे सगळे ते डोळे मिटून सांगत. मंडळातल्या कोणीही गाडीने घाट ओलांडलेला नव्हता. कारण कोणाचीच गाडी अजून पूर्ण झालेली नव्हती.

एका रविवारी चंपूताई सशीण तिथून चालली होती. तिची गाडी लहान, जुनी आणि एका बाजूने चेपलेली. मागे गाजराच्या दोन पाट्या. ती दर बुधवारी घाटापलीकडच्या बाजाराला जाई.

"भाऊसाहेब," ती दिगंबरपंतांना म्हणाली, "बुधवारी चला की माझ्या मागोमाग. संध्याकाळपर्यंत परत."

मंडळ हसले. दिगंबरपंतही हसले, पण सभ्यपणे.

"ताई, तुमच्या गाडीला रहाट आहे?"

"नाही बाई."

"नाक?"

"ते मला आहे," चंपूताई म्हणाली आणि निघून गेली.

दुसरे वर्ष असेच गेले, पण वाया गेले नाही. आणखी डिझेल लागेल म्हणून टपावर डबे आले. डब्यांसाठी कॅरिअर आला. कॅरिअरवर चढायला शिडी आली. शिडी आहेच, तर वर तंबू का नको, म्हणून टपावर उघडमिटीचा तंबू आला. मागची सीट काढून तिथे फ्रिज आणि पाण्याची टाकी बसवली.

कुमुदला हे सगळे दाखवायला दिगंबरपंतांनी घरासमोर गाडी उभी केली. कुमुदने दार उघडले, पाय उचलला, आणि तो पोहोचेना. तिने स्वयंपाकघरातले स्टूल आणले.

"गाडी घेतलीये की लेक उजवताय?" ती स्टुलावर उभी राहून म्हणाली. "एवढे दागिने माझ्याही अंगावर नव्हते. आणि माघारी येताना आक्कांना आणायचं झालं तर बसवायचं कुठे? फ्रिजमध्ये?"

"तंबू आहे ना वर."

"गुडघे धरलेत त्यांचे."

दिगंबरपंत विचारात पडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मिस्त्रीला विचारले, गुडघे धरलेल्यांसाठी विजेवर खालीवर होणारी पायरी मिळते का. मिळते, पण मागवावी लागते, असे कळले.

करकोचा आला. "आक्का म्हणतात, फांदी तोडली. आता ये. बसून का होईना, पुरण वाटता येतं मला अजून."

"म्हणावं, एक पायरी यायची राहिलीये. पुढच्या वर्षी नक्की. आणि तंबूमुळे उंची पाच हात झालीये."

करकोच्याने दुसरा पाय टेकवला. "तुम्ही मला गाडीच्या वर बसवून न्या ना," तो म्हणाला. "मी दमलो."

पण गेला. आणि उलटा निरोप आला, "बरं. त्याच्या वरचीही फांदी तोडते. कुमुदला खोकला झालाय म्हणे, काढा पाठवते."

तिसऱ्या वर्षी करकोचा दिवाळीच्या किती तरी आधी आला. त्याचे येण्याचे दिवस नव्हते ते. दिगंबरपंत गाडीखाली उताणे पडून एक नट पिळत होते. त्यांना फक्त त्याचे दोन पाय दिसले. दोन्ही जमिनीवर.

"आक्काला म्हणावं, झालंच," ते गाडीखालून म्हणाले. "पायरी आली."

पाय जागचे हलले नाहीत.

"काय म्हणते?"

"निरोप आक्कांचा नाही," करकोचा म्हणाला. "त्यांच्या शेजारच्या साळिंदरबाईंचा आहे. म्हणाल्या, आता घाई करू नका."

दिगंबरपंतांनी तो नट शेवटपर्यंत पिळला. मग ते बाहेर आले.

ते त्याच घटकेला निघाले. पायरी बसवलेली नव्हती. कुमुद स्टुलावरून चढली आणि स्टूल आत ओढून घेतले. वाटेत खवल्या मिस्त्री हात हलवत आडवा आला. "साहेब, चाचणी व्हायचीये! असं निघायचं नसतं!" गाडी थांबली नाही.

घाट सुरू झाला.

घाटात डांबरी रस्ता होता. मधोमध पांढरे पट्टे होते. वळणावळणावर कठडे होते. नदीवर पूल होता आणि पुलावर दोन म्हशी सावकाश चालल्या होत्या. सहा दिवे लावायची वेळ आली नाही. तारेचा रहाट ज्याला बांधावा अशी झाडे पुष्कळ होती, पण चिखल नव्हता.

घाटमाथ्यावर चहाची टपरी होती. तिथे चंपूताई पाट्या उतरवून चहा पीत बसली होती. कुमुदला खोकला आला म्हणून ते थांबले.

"हा रस्ता कधी झाला?" दिगंबरपंतांनी विचारले.

"मी लग्न होऊन आले त्याच्या आधी."

"मग कोणी मला..."

चंपूताईने त्यांच्याकडे पाहिले, मग कुमुदच्या चेहऱ्याकडे पाहिले. आपल्या बशीतला चहा तिने कुमुदपुढे सरकवला.

घरून निघाल्यापासून आक्काच्या दारापर्यंत साडेतीन तास लागले. चहा धरून.

फाटकाशी दिगंबरपंतांनी गाडी थांबवली. जांभळीच्या बुंध्यावर, वर वर जाणाऱ्या तीन खुणा होत्या. सगळ्यांत खालच्या फांदीचा वण जुना, करडा झाला होता. त्याच्या वरचा तपकिरी. तिसरा अजून ओला, पांढरट.

"तिसरी कोणी तोडली?" त्यांनी विचारले. "तिसऱ्या वेळी मी उंची कळवली नव्हती."

साळिंदरबाई कुंपणापाशी उभ्या होत्या. "त्यांनीच तोडून घेतली. पंधरा दिवस झाले. मी म्हटलं, आक्का, निरोप तरी येऊ दे, एवढं चांगलं झाड. तर म्हणाल्या, दिगूला ओळखते मी. यंदाही वाढवलीच असेल."

दिगंबरपंतांनी गाडी आत घेतली. टायर, स्प्रिंगा, कॅरिअर, डबे, तंबू, सगळे जांभळीखालून अलगद गेले. टप आणि फांदी यांच्यामध्ये वीतभर जागा उरली होती.

आत पाट मांडलेला होता. पाटावर धूळ नव्हती, म्हणजे तो रोज पुसला जात असावा. दिगंबरपंत त्यावर बसले नाहीत. बाजूला जमिनीवर बसले. बराच वेळ बसले. कुमुदने स्टूल आणले आणि ती त्यांच्याजवळ बसली. त्या सबंध सफरीत काही उपयोगी पडले असेल, तर ते स्टूल.

परत आल्यावर मंडळाने दिगंबरपंतांचा सत्कार केला. गाडीने घाट ओलांडणारे ते पहिलेच सभासद होते. शाल देऊन झाल्यावर अध्यक्ष घुबडांनी सगळ्यांच्या वतीने विचारले, "पंत, अनुभवाचे बोल ऐकवा. एवढ्या सामानातलं नेमकं कामाला काय आलं?"

दिगंबरपंतांनी थोडा विचार केला.

"चावी," ते म्हणाले.

वडाखाली सगळ्यांनी वह्या उघडल्या.

"कोणत्या बनावटीची?" मागून कोणीतरी विचारले.

"गाडीबरोबर आली होती ती."

सभासदांनी वह्यांत 'चावी' असे लिहून घेतले. पुढच्या रविवारी खवल्या मिस्त्रीकडे रांग लागली. त्याने प्रत्येकाला जाड, चिलखती, पाण्यात न गंजणारी आणि पहिलीपेक्षा दुप्पट लांब चावी करून द्यायचे कबूल केले. ती पुढच्या वर्षी मिळणार आहे. तोपर्यंत कोणी निघू नये, असे मंडळाने एकमताने ठरवले आहे.

दिगंबरपंत मात्र हल्ली दर बुधवारी घाटापलीकडे जातात. जांभळीला पाणी घालतात आणि संध्याकाळपर्यंत परत येतात. पुढे चंपूताईची चेपलेली गाडी असते. मागे त्यांची. चढावर त्यांना तिला गाठता येत नाही.

तात्पर्य : मुलांनो, पूर्ण तयारी झाल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकू नये. अर्ध्या तयारीने निघणाऱ्याला वेळेवर पोहोचण्याचा धोका असतो.