समोरच्या बाजूचा प्रेक्षक

"बास्केटबॉल? मला विचारा!" तोगाशींनी छाती पुढे काढून सांगितलं. सांगितलं ते भाताच्या कुकरला, कारण खोलीत दुसरं कोणी नव्हतंच.

कंपनीने बदली केल्यापासून ते अकितात एकटे राहत. बायको फुमिए आणि मुलगा कात्सुया तिकडे लांब, नुमाझूला. शनिवारी फोन व्हायचा. "कात्सुयाला दे," असं हे म्हणायचे, मागे दार आपटायचं आणि फुमिए सांगायची, "आंघोळीला गेलाय." इतक्या आंघोळी करणारा मुलगा अख्ख्या जपानात नसेल! आपण घराला पगारापुरते उरलो, हे तोगाशींना कळत होतं आणि फार लागत होतं.

मग एकदा फुमिए बोलून गेली, की बास्केटबॉलच्या एका चित्रकथेने पोराला वेड लावलंय, हायस्कूलच्या संघातही शिरलाय, जूनमध्ये एका रविवारी सामनाही आहे. झालं! तोगाशींनी पहिला भाग आणून पाठ केला. त्यात बढाया आणि भांडणंच जास्त, सामना नावालाच. दुसरा भाग दुकानात संपला होता. पण म्हणून काय अडणार होतं? खेळ बघायचा, मग पोराशी चार शब्द बोलायचे, असा बेत करून, घरी न कळवता, ते जूनमधल्या एका शनिवारी रात्रीच्या बसने निघाले.

रविवारी सकाळी उतरल्यावर कळलं, की चष्मा बसमध्येच राहिला. असू दे! फुमिएने पाठवलेल्या फोटोत पोराच्या अंगात गडद निळी जर्सी होती. निळं काय, आंधळ्यालाही दिसतं!

व्यायामशाळेच्या दारात बूट काढून त्यांनी पाहुण्यांच्या सपाता घातल्या. टाचा निम्म्या बाहेर. वरच्या सज्जात निळ्यांच्या आईबापांमध्ये जागा मिळाली. कोर्टावर निळे धूसर ठिपके आणि पांढरे धूसर ठिपके पळत होते.

"रिबाउंड!" तोगाशी गरजले. चित्रकथेतून नेमका तेवढाच शब्द त्यांना पक्का झाला होता.

शेजारच्या हायासाकाबाई खूश झाल्या. "काय हो आवाज तुमचा! घ्या, भाताचा गोळा घ्या. आत आंबट-खारट उमेबोशीचं फळ आहे. तुमचा मुलगा कुठला?"

"तो काय, तिथेच!" तोगाशींनी सगळ्या निळ्यांवरून हात फिरवला.

समोरच्या सज्जात पांढऱ्यांची नवी पोरं प्लास्टिकचे भोंगे घेऊन कोकलत होती. त्यांतला एक पोरगा मधेच भोंगा खाली करून गप्प उभा राहिला.

"काय रे, घसा बसला का?" तोगाशी ओरडले. सगळा सज्जा हसला. किती दिवसांनी आपल्याबरोबर कोणीतरी हसलं! त्यांना एकदम भरून आलं.

शेवटचं मिनिट. निळे एका गुणाने मागे. एक निळा ठिपका टोपलीकडे झेपावला, तोगाशींनीही उडी मारली, आणि डाव्या पायातली सपात कठड्यावरून थेट कोर्टात! शिट्टी वाजली. पंचांनी सपात उंच धरली. "कोणाची?"

तोगाशींनी वाकून माफी मागितली. खेळ पुन्हा सुरू झाला, पण निळ्यांची लय गेली ती गेलीच. हरले.

हरलेली पोरं सज्जाखाली रांगेत उभी राहिली आणि कमरेत वाकली. "पाठिंब्याबद्दल आभार!" त्यांतला एक रडत होता. तोगाशींना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"तोगाशी कात्सुयाला सांगा हो," ते हायासाकाबाईंना म्हणाले, "चूक त्याच्या बापाची."

"तोगाशी? आमच्याकडे कोणी तोगाशी नाही हो."

"शिओमी हायस्कूल ना?"

"अहो, शिओमी ते पांढरे! त्यांच्याही जर्सी निळ्याच असतात, पण दोघं निळे कसे खेळतील? आज त्यांच्या वाट्याला पांढऱ्या आल्या. आणि पहिल्या वर्षाची पोरं खेळतात कुठे? ती काय, समोर भोंगे घेऊन!"

तोगाशी फाटकाबाहेर शीतपेयांच्या यंत्राआड उभे राहिले. शिओमीची पोरं आली. "सपातावाले काका!" कोणीतरी म्हणालं, आणि सगळी खिदळली. त्यांत कात्सुयाही होता का, ते बिनचष्म्याच्या डोळ्यांना दिसलं नाही. घरी न जाताच ते परतले. कुकरने काही विचारलं नाही.

बुधवारी फोन वाजला. आज शनिवार नव्हता!

"बाबा." आवाज केवढा जाड झाला होता पोराचा!

"अरे! आंघोळ झाली?"

"रविवारी पुढचा सामना आहे. येता?"

"येतो ना!"

"पण गेल्या वेळेसारखं समोरच्या बाजूला बसा. कॅप्टनने सांगितलंय. सपाता घालून."

"कॅप्टनला काय ठाऊक, मी कोण ते?"

"मी सांगितलं. माझे बाबा आहेत म्हणून."

तोगाशींनी कुकरकडे पाठ फिरवली. डोळे पुसताना कोणी बघू नये.

"पण तिथून तू मला दिसशील का रे?"

"दिसेन. चष्मा तेवढा आणा. सगळा वेळ डोळे बारीक करून भलत्याच पोरांकडे बघत होतात."