गादी, उशी आणि सुतारकाका

सुतारकाकांनी शेवटचा स्क्रू पिळला, दोन पावलं मागं सरकून मान तिरकी केली आणि आपल्या कामाकडे डोळे भरून पाहिलं.

परसाच्या कोपऱ्यात घर उभं राहिलं होतं. दुहेरी फळ्यांच्या भिंती, मधल्या पोकळीत ठासून भरलेला भुस्सा, ओल चढू नये म्हणून जमिनीपासून वर उचललेला तळ आणि वाऱ्याकडे पाठ करून बसवलेलं बुटकं दार. दाराला जाड रबरी पट्ट्यांचा पडदा. आत गुडघाभर कोरडा पेंढा. जन्मभर काकांनी लोकांची कपाटं केली, पलंग केले, पण एखाद्या कामात एवढा जीव ओतल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

हे घर होतं गादी आणि उशीसाठी. गादी आणि उशी या दोन डुकरिणी. काकांच्या मुलीनं हौसेनं पाळल्या, नावंही तिनंच ठेवली. मग ती फ्लॅटमध्ये राहायला गेली आणि डुकरिणी आईबापांच्या परसात आल्या. उन्हाळा मजेत गेला. आता थंडी हाडांत शिरायला लागली, तशी मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, जनावरांच्या डॉक्टरीणबाई येऊन बघणारेत. ऊब पुरत नाही म्हणाल्या, तर दोघींना त्यांच्या ओळखीच्या फार्मवर पाठवायचं. उगाच हट्ट करू नका."

"हट्ट कोण करतंय?" असं म्हणून काकांनी फोन ठेवला आणि ते तडक लाकूड आणायला गेले. त्या दिवसापासून उशीच्या कानामागं खाजवताना काकूंचा हात जरा जास्तच रेंगाळायला लागला.

आणि आज दुपारी डॉक्टरीणबाई येणार होत्या. सगळं तयार होतं. फक्त डुकरिणी घरात शिरायला तयार नव्हत्या.

काकांनी दारात उकडलेले बटाटे ठेवले. गादीनं मान लांबवून बटाटे खाल्ले आणि ती मागं सरकली. काकांनी बटाटे आणखी आत ठेवले. उशीनं मान आणखी लांबवली. सकाळभर हाच कार्यक्रम चालला. पातेलं रिकामं व्हायला आलं, पण एकीचंही मागचं पाऊल घरात पडलं नाही.

"त्या पट्ट्यांना बिचकतायत," काकू म्हणाल्या.

काकांनी पट्ट्या वर बांधल्या. डुकरिणींनी आत डोकावून पाहिलं, एकमेकींकडे पाहिलं आणि त्या स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"आता काय? लाकूड आवडलं नाही?"

"अहो, कोरं घर आहे. त्यांना काय ठाऊक आत काय आहे ते? तुम्ही जाऊन दाखवा की."

काकू हे चेष्टेनं बोलल्या होत्या. पण काका गुडघ्यांवर बसले, उरलेले दोन बटाटे त्यांनी खिशात कोंबले आणि रांगत आत गेले. पेंढ्यात उताणे पडून त्यांनी बाहेर ऐकू जाईल असा आवाज काढला, "आहाहा! काय ऊब आहे!"

या आवाजाचा असर झाला की खिशातल्या बटाट्यांचा, हे सांगणं अवघड आहे. गादी आत शिरली. तिच्यामागं उशी शिरली. दोघींनी काकांचा खिसा साफ केला, तोंडानं पेंढा ओढून ओढून गोळा केला आणि काकांच्या दोन्ही बाजूंना धप्पकन अंग टाकलं. धक्क्यानं पट्ट्या सुटून खाली आल्या. उशीचं बूड दारात बुचासारखं बसलं.

"शिरल्या गं, शिरल्या!" काका आतून ओरडले. "बघितलंस? आपणहून शिरल्या!"

"बघितलं. आता बाहेर या. डॉक्टरीणबाईंची वेळ झाली."

आत थोडा वेळ खुडबूड झाली.

"अगं, येता येत नाहीये."

काकूंनी उशीला हाका मारल्या, ढकललं, घरात होतं नव्हतं ते सफरचंद काठीला टोचून फटीतून तिच्या नाकापर्यंत पोचवलं. उशीनं एक डोळा उघडला आणि मिटला. सकाळपासूनच्या बटाट्यांनी पोट तुडुंब भरलं होतं. वर आयती ऊब मिळाली होती. ती कशाला हलते?

एवढ्यात कुंपणावरून शेजारच्या दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, "वहिनी, काका दिसत नाहीत?"

"गादी आणि उशीच्या मधे पडलेत," काकू घाईत बोलून गेल्या. "उठताच येत नाहीये."

"अरेरे! आलोच."

डॉक्टर थर्मामीटर घेऊन धावत आले ते थेट बेडरूममध्ये शिरले. तिथं कुणीच नव्हतं. मग काकूंनी त्यांना परसात नेलं आणि दारातून बाहेर आलेलं उशीचं बूड दाखवलं. डॉक्टरांनी बराच वेळ ते न्याहाळलं. मग आणलाच आहे तर वाया कशाला घालवा, म्हणून थर्मामीटर पट्ट्यांच्या फटीतून आत सरकवला. काकांनी तो तोंडात धरला आणि थोड्या वेळानं बाहेर दिला.

"ताप दिसतोय जरा," डॉक्टर काळजीनं म्हणाले.

"ताप कसला, डॉक्टर! ऊब म्हणतात याला!" आतून अभिमानानं भरलेला आवाज आला. "मी स्वेटर काढलाय. आता शर्टही काढणारे!"

"शर्ट राहू द्या अंगात," काकू ओरडल्या, कारण नेमक्या तेव्हाच डॉक्टरीणबाई फाटकातून आत येत होत्या.

डॉक्टरीणबाईंनी आयुष्यात पुष्कळ गोठे आणि खुराडी पाहिली होती. पण घराचा मालक आतूनच माहिती देतोय, हा अनुभव नवा होता. भिंतीत काय भरलंय, दार कुठल्या दिशेला आणि का, सगळं काकांनी आडव्या आडव्या सांगितलं. बाईंनी हातमोजा काढून फटीतून हात आत घातला आणि बराच वेळ बाहेर काढला नाही.

"काका, एक तक्रार आहे," शेवटी त्या म्हणाल्या.

काकू पुढं सरकून ऐकायला लागल्या.

"फार गरम होतंय. छपराखाली हवा खेळायला फट ठेवा. बाकी कुठल्याही फार्मवर एवढी चांगली सोय व्हायची नाही. मी तुमच्या मुलीला तसं सांगते."

"ऐकलंस का गं?" काकांनी आतून आरोळी ठोकली. "फार गरम! तक्रार आहे, फार गरम!"

"ऐकलं," काकू पदरानं डोळे टिपत म्हणाल्या. "पण आता तुम्हाला काढायचं कसं?"

मार्ग एकच होता, छप्पर काढायचं. डॉक्टर पुढं सरसावले, पण दात सोडून दुसरं काही उपटायची त्यांना सवय नव्हती. पहिल्याच स्क्रूची त्यांनी घाण केली. तेव्हा काकूंनी त्यांच्या हातातून स्क्रूड्रायव्हर काढून घेतला.

"अगं, दाबून धर. घाई नको," काका आतून सांगत होते.

"तुम्ही गप पडा. इतकी वर्षं बघतेय मी."

आणि खरोखरच स्क्रू भराभर निघाले. तिघांनी मिळून छप्पर उचललं. गार वारा आत शिरला, तशा गादी आणि उशी उठल्या, त्यांनी अंग झाडलं आणि वाकडं तोंड करून त्या दारातून बाहेर पडल्या. काका मात्र होते तसेच पडून राहिले. त्यांची कंबर धरली होती.

छप्पर परत बसवायचं काम त्यामुळं काकूंवरच आलं. काका पाठीला शेक घेत खिडकीतून सूचना देत होते आणि काकू त्या ऐकत नव्हत्या. त्यांनी कडेला लाकडाचे ठोकळे देऊन हवेला फट ठेवली, छप्पर मागच्या बाजूला किंचित उतरतं केलं म्हणजे पाणी दारात पडणार नाही, आणि मगच स्क्रू पिळले. संध्याकाळच्या आत डुकरिणी आपणहून घरात जाऊन घोरायला लागल्या.

रविवारी मुलगी आली. तिनं भिंती थोपटल्या, पेंढ्यात हात घातला आणि मग मान वर करून ती बघतच राहिली.

"बाबा, छप्पर काय सुरेख बसवलंय हो! हवेला फट, पाण्याला उतार... तुमचा हात आहे हे लांबूनच कळतं."

काकू गादीच्या पाठीवरचा पेंढा झटकण्यात अगदी गढून गेल्या होत्या. काकांनी कंबरेवर हात ठेवून घसा खाकरला आणि शेजारच्या डॉक्टरांनाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "माझा नाही. तुझ्या आईचा."

काकूंनी मान वर केली नाही. "पुढच्या खेपेला," त्या म्हणाल्या, "स्क्रू जरा लांब आणा. तुमचे आखूड पडतात."