रागाचा तक्ता आणि क्लेगबाईंचं बाक

ज्या गावाला आपला राग मोजता येत नाही, त्या गावाची नगरपालिका नीट चालत नाही. यॉर्कशरमधल्या आमच्या हॅदरबीने हे वेळीच ओळखलं आणि तक्रार-विभागात रागाचा तक्ता लावला. मी तिथे एकोणीस वर्षं कारकून आहे आणि या तक्त्याचा मला अभिमान आहे.

इंग्रजीत रागाला शब्द ढीगभर, पण प्रत्येकाची पायरी वेगळी. तक्त्याप्रमाणे ‘अनॉइड’ म्हणजे नुसत्या वैतागलेल्या माणसाची तक्रार चौदा महिन्यांत निकाली निघते, ‘अँग्री’ची सहा महिन्यांत, ‘फ्युरियस’ची सहा आठवड्यांत. ‘लिव्हिड’ म्हणजे रागाने पांढराफटक पडलेला. त्याचं काम तीन दिवसांत (शिवाय आमच्या लम्लीसाहेबांच्या हातचा चहा). गेल्या वर्षी १,२१४ तक्रारी आल्या. त्यांतले १,२१३ जण ‘जरासे अनॉइड’ होते. यात वादळात छप्पर उडालेले सतरा जण धरले आहेत. उरलेला एकटा लिव्हिड. त्याच्या शेजाऱ्याचं कुंपण तीन इंच वाढलं होतं. (तो लंडनहून राहायला आलेला.) एकंदरीत गाव समाधानी आहे असा निष्कर्ष निघाला आणि आम्हाला बक्षिसाची ढाल मिळाली.

ऑड्री क्लेग, वय एक्क्याऐंशी, यांच्या दिवंगत नवऱ्याच्या, स्टॅन्लीच्या, नावाची पाटी लावलेलं एक बाक टेकडीवर होतं. रोज सकाळी बाई थर्मास घेऊन चढायच्या, स्टॅन्लीशेजारी चहा प्यायच्या आणि उतरायच्या. पाटीचा एक स्क्रू चार मिलिमीटर वर आलेला आढळल्याने आम्ही सार्वजनिक सुरक्षिततेसाठी बाक उचललं. (स्क्रू पिळण्याचा अधिकार दुसऱ्या विभागाकडे आहे.)

बाईंनी फॉर्मवर लिहिलं, ‘जराशी अनॉइड’.

इथे जन्मलेल्या कुणालाही या ‘जराशी’चा अर्थ सांगावा लागत नाही. युद्धात घरावर बॉम्ब पडला तेव्हा माझी आत्या ‘जराशी गैरसोय झाली’ म्हणाली होती. पण तक्त्यात ‘जराशी’ला रकाना नाही.

“बाई, लिव्हिड लिहा की,” मी हळूच म्हटलं. “तीन दिवसांत बाक जागेवर येईल.”

“अगं बाई, लिव्हिड? चारचौघांत तमाशा करायला मी काय लंडनची आहे?”

“मग निदान अँग्री तरी?”

“राहू दे रे बाळा. तुमच्यामागे काय कमी व्याप असतात?” (मी बावन्न वर्षांचा आहे.)

त्यांच्या फॉर्मवर मीच खूण करू शकलो असतो. पण राग ज्याचा त्याने स्वहस्ते भरायचा असतो, नियम सहा.

नवव्या महिन्यात बाई पुन्हा आल्या. वर टेकायला जागा नाही, म्हणून अर्ध्यातूनच परतावं लागतं. गुडघे आता फार दिवस साथ देणार नाहीत, असं हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगून त्यांनी लिहिलं, ‘खरं सांगायचं तर, डिसअपॉइंटेड’.

लम्लीसाहेबांचं बिस्किट चहात बुडालं. आमच्याकडे याहून जहाल शब्द नाही. या एका शब्दावर इथे मृत्युपत्रं बदलली आहेत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“प्रकरण गंभीर आहे,” साहेब म्हणाले. “पण हा राग नव्हे, हे दुःख झालं. आणि दुःख आपल्याकडे येत नाही. ते दफनभूमी विभागाकडे.”

त्या विभागाने आठ दिवसांत सांत्वनाचं कार्ड पाठवलं. बाई मुद्दाम येऊन आभार मानून गेल्या.

अकराव्या महिन्यापासून त्या यायच्या थांबल्या. पाठपुरावा नाही, अर्थात राग शमला, अशी आम्ही नोंद केली. चौदाव्या महिन्यात, ठरल्या दिवशी, बाक जागेवर बसलं. स्क्रू पक्का आहे. दफनभूमी विभागाच्या तत्परतेमुळे पाटीवर स्टॅन्लीच्या नावाखाली बाईंचंही नाव त्याच फेरीत कोरून घेता आलं.

तुम्हाला आमचं हसू आलं असेल. जीव गेला तरी ही माणसं धड रागावत नाहीत, असंही वाटलं असेल. बरोबर आहे. फक्त एक सांगा, आज सकाळी तुम्ही घरात ‘काय झालं?’ म्हणून विचारलंत आणि ‘काही नाही’ असं उत्तर आलं, ते तुम्ही कोणत्या रकान्यात टाकलंत?