वामनभाऊंनी टीव्ही सोडला

आमच्या पांढुर्ण्यात क्रिकेटची मॅच आरशात पाहणारा माणूस एकच, वामनभाऊ. गुजरी बाजाराच्या मागे एक सलून आहे. तिथं ते गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर जाऊन बसतात. दाढी करायची नसते, कटिंग करायची नसते. टीव्ही मागच्या भिंतीवर, भाऊंचं तोंड समोरच्या आरशाकडे. खरं गिऱ्हाईक आलं की सलूनवाला म्हणतो, "भाऊ, खुर्ची पाह्यजे." भाऊ आरशातूनच त्याला सांगतात, "एवढी ओव्हर होऊ दे, बाप्पा."

एकदा तिथं मोठं भांडण झालं. नवाच कोणी पोरगा बॅटिंगला आला होता. भाऊ म्हणाले, "हा डावखुरा चांगला मारते पाहा." बाकावरचे चारपाच जण म्हणाले, डावखुरा नाही, उजवा आहे. भाऊ तापले. "अरे, मी या दोन डोळ्यानं पाहून राहिलो ना! मले शिकवून राहिले का तुमी?" शेवटी सलूनवाल्यानं हातातला वस्तरा बाजूला ठेवला आणि अदबीनं सांगितलं की भाऊ, तुम्ही आरशात पाहून राहिले. भाऊंनी आरशातूनच त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुमच्याकून उजवा असन. माझ्याकून डावखुराच आहे."

टीव्हीकडे सरळ तोंड करून ते बसत नाहीत, कारण त्यांनी टीव्ही सोडला आहे.

आता लोक काय काय सोडतात. कोणी चहा सोडतं, कोणी रात्रीचं जेवण. वामनभाऊंचं सोडणं जरा वेगळं. दोन वर्षांमागे त्यांच्या पत्नीला, कुसुमवहिनींना, लकवा मारला. नागपूरच्या दवाखान्यातून त्या घरी आल्या तेव्हा पाय थोडा थोडा चालू लागला होता, हातही उचलत होता, पण बोलणं गेलं होतं. सगळं समजायचं, तोंडातून मात्र "हं" शिवाय काही निघायचं नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, त्यांना बोलतं ठेवा. वामनभाऊ तहसील ऑफिसात बाबू होते. कोणतीही अर्जी एकाच टेबलावर ठेवून स्वस्थ बसण्यातले ते नव्हेत. त्यांनी डॉक्टरचं ऐकलं आणि तिथून निघून थेट जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला गेले.

दर्शनाच्या रांगेत एका म्हातारीनं त्यांना सांगितलं, देवाले मागायचं असन तं आवडीचं काही सोडा लागते. लोक साधारणपणे वांगं सोडतात. भाऊ मला म्हणाले, "सर, वांगं मले तसंही आवडत नाही. मारुतीले का हे मालूम नसन?" दोडक्याचं तेच, कारल्याचं तेच. खरोखर आवडीची गोष्ट एकच होती. नोकरीतून सुटल्यापासून सकाळच्या भविष्यापासून रात्रीच्या बातम्यांपर्यंत हा माणूस टीव्हीसमोर असायचा. संध्याकाळची सीरियल तर नवराबायको सोबत पाहत. म्हणजे वहिनी पाहायच्या आणि हे बोलायचे. "आता पाहा, ही जहर देते." "तुमी चूप बसा." "दुधात देते पाहा." "चूप बसा म्हणतो ना मी!" हे संवाद भिंतीपलीकडून आम्हाला रोज ऐकू यायचे. सीरियल पाहायची आम्हाला गरजच नव्हती.

तर वहिनींची वाचा यावी म्हणून भाऊंनी मारुतीपुढे टीव्ही सोडला. जन्मभरासाठी. आणि बस स्टँडवर येईपर्यंत त्यांना पश्चात्ताप झाला.

मी त्यांचा शेजारी. सौंसरच्या शाळेत शिकवतो, रोज बसनं अप-डाउन करतो. गावात लोक मला गंभीर माणूस समजतात. गंभीर-बिंभीर काही नाही, चारचौघांत मला बोलायचं सुचत नाही, एवढंच. आज लिहायला बसलोच आहे तर एक सांगून टाकतो. वहिनी दवाखान्यातून आल्या तेव्हा मी त्यांना पाहायला गेलो, त्यांच्यासमोर बसलो आणि वामनभाऊंना विचारलं, "जेवतात का बरोबर?" जणू त्या तिथं नव्हत्याच. पुढे त्यांना एकेक शब्द फुटायला लागला, तेव्हाही माझं तसंच. त्या "पा... पा..." म्हणायच्या आणि मी "पाणी पाहिजे का?" म्हणून मोकळा व्हायचो. मास्तराची सवय, मुलाचं उत्तर अडलं की आपणच पूर्ण करायचं. एकदा त्यांना पाणी नको होतं, पाऊस आला म्हणून वाळवण उचला असं सांगायचं होतं. वाळवण भिजलं. त्या रागावल्या नाहीत, नुसतं तोंड फिरवलं. तेव्हापासून मी त्यांच्याकडे जाणं टाळू लागलो, आणि टाळतो आहे हेही कोणाला कळू दिलं नाही.

वामनभाऊंचं माझ्याकडे येणं मात्र वाढलं. टीव्ही सोडलेल्या माणसाला टीव्हीपर्यंत पोचायचे किती रस्ते असतात हे मला त्यांच्याकडून समजलं. आरसा हा पहिला रस्ता. दुसरा, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानाबाहेर उभं राहून आतल्या पंख्यांची किंमत विचारणं. एकदा तर ते भर उन्हात एका घराच्या खिडकीखाली छत्री घेऊन उभे होते. कोणी विचारलं तर म्हणाले, "पाहून नाही राहिलो, आयकून राहिलो. कान कुठी सोडले मी?"

मग त्यांना मोबाईलचा शोध लागला. त्यांचा स्वतःचा बटनवाला. माझ्या मोबाईलवर त्यांनी एका रविवारी चालती बोलती सीरियल पाहिली आणि त्यांचे डोळे चमकले. पण माणूस देवाला भिणारा. मोबाईल म्हणजे टीव्ही होते का, हे विचारायला ते पुन्हा जामसांवलीला गेले. आत विचारायची हिंमत झाली नाही, म्हणून बाहेरच्या नारळवाल्याला विचारलं. तो म्हणे मोबाईलवर मॅच पाहत होता. मान वर न करता त्यानं विचारलं, "बोलले काय होते देवापाशी?"

"टीव्ही."

"मंग टीव्ही सुटला. नारळ पाह्यजे का?"

एवढ्या झटपट निकाल तहसीलमध्येही लागत नसे. भाऊ खूष होऊन परत आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात उभे. "सर, चार्जिंग आहे ना?"

झालं असं की माझ्या मोबाईलवरच्या ॲपमध्ये संध्याकाळची सीरियल सकाळीच येते. पैसे भरणाऱ्यांना आधी, बाकी दुनियेला मागून. माझ्या पत्नीनं, माधुरीनं, ते ॲप घेतलं होतं. मी अंघोळ करून, डबा भरून निघेपर्यंत भाऊ आमच्या ओट्यावर बसून अख्खा भाग पाहून घेत. मोबाईल ते दोन्ही हातांत धरायचे, पूजेचं ताट धरल्यासारखा. मध्येच आवाज यायचा, "अरे, नको जाऊ बाई तिकडे, वकील बसला आहे तिथी!" माधुरी स्वयंपाकघरातून म्हणायची, "भाऊ, सांगू नका पुढचं, मला पाह्यचं आहे अजून." हे चांगलं होतं. कारण एरवी आमच्या घरात ती तिच्या मोबाईलवर तिचं पाहते, मी माझ्या मोबाईलवर माझं, दोघांच्याही कानात इअरफोनची बोंडं. टीव्हीवर धूळ आहे. आम्ही कोणत्या देवासाठी सोडला ते माहीत नाही.

एक दिवस वहिनींची एक गोळी पांढुर्ण्यात मिळेना. भाऊंनी मला सौंसरहून आणायला सांगितली. संध्याकाळी मी ती द्यायला त्यांच्या घरी गेलो. बऱ्याच दिवसांनी गेलो होतो.

दार उघडंच होतं. आत टीव्ही चालू. वहिनी पलंगावर उशीला टेकून सीरियल पाहत होत्या. आणि भाऊ त्यांच्यासमोर खुर्ची टाकून, टीव्हीकडे पाठ करून, वहिनींच्या तोंडाकडे पाहत बसले होते.

"काय वं कुसुम, बेल वाजली ना? कोण आलं? पोलीस असन."

वहिनींनी मान हलवली. "ना... ही."

"मंग दूधवाला. मी म्हणतच होतो, दूधवाला येते आता."

"ना... ही. न... व..."

मी दारात उभा. मला माहीत होतं, कारण सकाळी भाऊंनीच ओट्यावरून ओरडून सांगितलं होतं. मेला समजलेला नवरा परत आला होता. माझ्या तोंडात शब्द आलाच होता. "अहो भाऊ, तुम्ही तर सकाळीच..."

वामनभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं की तहसीलमध्ये वीस माणसं रांगेतून हटली असती. मी वाक्य अर्धंच सोडलं.

"नवीन नोकर आला का?" भाऊंनी विचारलं.

"न... वरा!" वहिनी कळवळून म्हणाल्या.

"कोणाचा? सासूचा?"

आता वहिनी खरंच चिडल्या. चांगल्या हातानं त्यांनी पलंगावर थाप मारली. "मो... ठीचा! मोठ्या सु... नेचा! मे... ला नव्हता तो. दवा... खान्यात होता."

"असं होय," भाऊ म्हणाले. "मले वाटलं सासूचा."

कपाळावर हात मारायचा वहिनींनी प्रयत्न केला. तो नीट लागला नाही, पण इरादा पुरा होता.

भाऊ मला सोडायला फाटकापर्यंत आले. मी विचारण्याआधीच बोलू लागले, हळू आवाजात, घराकडे नजर ठेवून. "सर, पहिले मी बरोबर सांगत जाओ. 'नवरा आला का?' तं ते 'हं' म्हने. झालं, खतम. हो म्हणायले एक 'हं' पुरते. पण मी चुकलो की तिले राहवत नाही. मंग आखी गोष्ट सांगा लागते."

"ते समजलं," मी म्हणालो. "पण मग सकाळी आधी पाहून कशाला घेता? न पाहताच काहीही बोला ना."

भाऊंनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "अन् चुकून बरोबर निघालं तं?"

ते पुढे म्हणाले, "रिस्क आहे सर. परवा तुमची लाईट गेली, मोबाईल बंद. मी अंदाजानं म्हटलं, सासू हार चोरते. चोरलाच तिनं! एक 'हं' अन् आखी संध्याकाळ वाया." एवढं बोलून ते आत गेले. आतून आवाज आला, "काय वं, तो नवरा पुन्हा मेला का?"

त्यानंतर मी सकाळी मोबाईल चार्ज करून ओट्यावरच ठेवू लागलो. त्यांना मागावा लागू नये म्हणून. आणि आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी मीही जाऊन बसू लागलो. वहिनी वाक्य जोडत जोडत बोलायच्या, भाऊ मुद्दाम तोडायचे. वकिलाला डॉक्टर म्हणायचे, धाकट्या दिराला थोरला भासरा. पण वहिनींचं हे बोलणं फक्त भाऊंशीच होतं. दुसरं कोणी आलं, पोरगा नागपूरहून आला, बहीण मोहगावहून आली, की पुन्हा नुसतं "हं". लाज वाटायची त्यांना आपल्या अडखळण्याची. भाऊंना त्याचीच काळजी होती. एकदा म्हणाले, "माझ्यापाशी बोलते, पण मी काय जन्माले पुरणार आहो का?"

मागच्या महिन्यात मी गेलो तेव्हा सीरियल नुकतीच संपली होती. भाऊ चहा करायला आत गेले. खोलीत मी आणि वहिनी. जाहिराती चालू होत्या. मी नेहमीसारखं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत बसलो.

"सर," वहिनी म्हणाल्या.

मी पाहिलं. त्यांनी आतल्या दाराकडे नजर टाकली. स्टोव्हचा आवाज येत होता.

"हे... सकाळी... पा..."

माझ्या जिभेवर पुढचा शब्द होता. मी तो गिळला. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलो.

"...पाहून येते ना? तुमच्या... घरी?"

खोटं बोलायचं होतं, जमलं नाही. मी मान हलवली.

"मालूम... आहे मले. कधीचं." त्या थांबल्या, श्वास घेतला. "सकाळी घरी आले का... तोंडावर दिसते. कोण... मेलं, कोण आलं."

"मग तुम्ही सांगता कशाला, वहिनी?" त्यांचं बोलणं गेल्यापासून पहिल्यांदा मी त्यांना उत्तर ऐकायला म्हणून काही विचारत होतो.

त्या बराच वेळ शब्द शोधत राहिल्या. जाहिरात बदलली. मी थांबलो.

"इतकं... मन लावून चुकते," त्या म्हणाल्या, "न सांगून... कसं चालन?"

तेवढ्यात भाऊ ट्रे घेऊन आले. दारातच थांबले. "काय बोलून राहिली सर, कुसुम?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "सीरियल सांगून राहिल्या."

"तुमाले?"

"हो."

"तुमाले सांगितली? सगळी?"

"सगळी."

भाऊ तसेच उभे राहिले. कुसुम दुसऱ्या माणसापाशी बोलली. बायकोकडे पाहत होते, हातातला ट्रे एका बाजूनं खाली चालला होता आणि कपांतला चहा ट्रेमध्ये उतरत होता, तिथून फरशीवर.

"चहा सांडून राहिले ना तुमी," वहिनी म्हणाल्या. कुठंही न अडता.

वामनभाऊंनी ट्रे सरळ केला नाही. कानामागे हात नेता येत नव्हता म्हणून नुसता कान पुढे केला.

"काय म्हटलं वं? पाणी सांडलं का?"