सहा दिवसांच्या थोरल्या जाऊबाई

श्री चुलीस नमन, चुलीतल्या विस्तवास नमन, आणि विस्तवापुढे बसणाऱ्या हातांस त्याहून अधिक नमन. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मासापासून फाल्गुनापावेतो एका पेठेतील पोळीभाजीच्या राज्यात जे वर्तले, ते पुसणाराने पुसले म्हणोन आठवले तैसे लिहिले आहे. राज्याचे नाव पाटीवर होते ते उन्हाने उडाले, आणि गिऱ्हाईक नुसते 'बाईंकडे जातो' इतकेच म्हणत असे, सबब नावावाचून अडले नाही. हद्द म्हणाल तर पूर्वेस इस्त्रीवाला, पश्चिमेस झेरॉक्सचे दुकान, पुढे गटारावरची फरशी आणि मागे मोरी. लांबी अकरा पावले, रुंदी पाच. या मुलखी शरयूबाई राज्य करीत होत्या. यजमान निवर्तले त्या साली दोन शेगड्या, एक परात आणि एक पोळपाट इतक्या सरंजामानिशी त्यांनी हा मुलूख काबीज केला आणि मग बारा वर्षे राखिला. गल्ल्यापाशी एक लोखंडी खुर्ची होती, तीच गादी. फौज तीन असामींची. तव्यावर छबू, जिभेची तिखट, पण एक पोळी करपू देणार नाही ऐसी; भाजी-आमटीस हलिमाबी, जिच्या आमटीसाठी कचेरीतले लोक डबे घेऊन रांग धरीत; आणि लाटण्यास हौसाबाई, वयाने साठीपार, हाताने मंद, परंतु तिची पोळी सांजेपावेतो मऊ राहे, आणि ऐसी पोळी त्या पेठेत दुसऱ्या कोणाची नव्हे. तिचा नवरा हमाली करता करता कंबर मोडून घरी पडला होता आणि दोघांचे पोट त्या एका लाटण्यावर चाले. राज्याचा एक कायदा बाईंनी पहिल्याच दिवशी घातला होता. तव्यावरची पहिली पोळी विकावयाची नाही. तीवर तूप आणि गूळ घालोन, ज्याच्या घरी सर्वांत ओढाताण असेल त्यापुढे ती ठेवावयाची, आणि त्याने खाल्ली की मग शटर उघडावयाचे. बारा वर्षे ती पोळी हौसाबाईकडेच जात आली. छबू म्हणे, "म्हातारे, तुझी ओढाताण एकदाची मिटू दे गं, मला त्या तुपाची आस लागलीय," आणि हौसाबाई अर्धी मोडून तिच्या हाती देई, आणि मग दिवस सुरू होई.

ऐसे चालले असता मार्गशीर्षात वरल्या दरबारातून हुकूम सुटला की, कामकऱ्यांचा रोज अमुक आकड्याखाली कोणी देऊ नये. आणि तो आकडा या तिघींच्या रोजाहून बराच वर होता. छबूने तव्यापाशी उभ्या उभ्या फोनवर वाचिले आणि हाक दिली, "बाई, ऐका, वरून पत्र आलंय तुमच्या नावानं!" "माझ्या नावानं कशाला?" "मग कोणाच्या? पगार तुम्ही देता की ते?" हलिमाबी बोलिली, "अगं, पण बाई देणार कुठून? माझ्या आमटीतून?" "आमटीतून कशाला, पोळीमागं दोन रुपये वाढवायचे." हौसाबाई लाटीत राहिली. शरयूबाई गल्ल्यातली चिल्लर मोजीत राहिल्या. हुकूम अन्यायाचा नव्हता हे त्यांस ठाऊक होते आणि तेच कठीण होते. हौसाबाईच्या लुगड्याची ठिगळे त्या बारा वर्षे रोज पाहत आल्या होत्या. मग त्यांनी दुसरे दिवशी पोळीमागे दोन रुपये चढविले. समोर काचेच्या दाराचे एक नवे दुकान झाले होते, तेथे यंत्रावर लाटलेल्या पोळ्या पाकिटात मिळत, कागदासारख्या, पण स्वस्त. कचेरीतला एक एकटा गृहस्थ रोज सहा पोळ्या नेई, तो ओशाळून बोलिला, "बाई, तुमची पोळी ती तुमची, पण माझाही पगार ठरलेलाच आहे हो," आणि रस्ता ओलांडून गेला. त्यामागे आणिक गेले. सांजेस टोपलीत पोळ्या उरल्या, ऐसे पूर्वी जाहले नव्हते. चौथे दिवशी बाईंनी भाव पुन्हा उतरविला, आणि पाकिटाच्या पोळीस कंटाळलेले तेवढे परत आले.

मग बाई मसलतीस झेरॉक्सवाल्या अनंतरावांकडे गेल्या. पेठेतील सर्वांचे अर्ज तेच भरीत, म्हणोन त्यांस दिवाणाचा मान होता. अनंतराव बोलिले, "वहिनी, दोघींना नवा रोज देऊ शकाल, तिघींना नाही. म्हातारीला घरी बसवा. तासाला साठ लाटते, दुसरी कोणीही शंभर लाटेल." बाई जावयास उठल्या. तेव्हा ते हळूच म्हणाले, "नाहीतर एक वाट आहे. हुकूम पगारी माणसांना आहे, घरच्यांना नाही. साहेब तपासायला आला की सांगायचं, सगळी घरचीच आहेत. वंशावळ कोण बघतंय?" "म्हणजे खोटं बोलू?" "म्हातारीला काढण्यापेक्षा बरं नाही का?" या एका प्रश्नाने बाईंचा मोर्चा ढासळला.

पौष शुद्ध दशमीस अंमलदार आला, खांद्यास पिशवी, हाती वही, मुद्रा त्रासलेली. "किती माणसं कामाला?" "कामाला कोणी नाही, साहेब. घरचीच आहेत." त्याने तव्याकडे लेखणी दाखविली. "या कोण?" "नणंद माझी." छबू मान न वळविता बोलिली, "धाकटी. आणि लग्नातला मानपान राहिलाय माझा, तेही लिहा." "आणि या?" "हलिमाबी. बहीण." अंमलदाराने लेखणी थांबविली. "बहीण?" "मानलेली." "मानलेलीला रकाना नाही, बाई." तेव्हा हलिमाबी कांदा चिरता चिरता म्हणाली, "मग आते-मामे जे असेल त्यात बसवा, साहेब. मी लहानशा रकान्यातही मावते." अंमलदार हसता हसता राहिला, आणि मग पोळपाटाकडे वळला. "आणि या आजी?" शरयूबाईंनी शब्द घरून योजून आणिले होते, तेच त्या बोलिल्या, "थोरल्या जाऊबाई." लाटणे थांबले. हौसाबाईने हातास लागलेले पीठ झाडले, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला आणि उभी राहिली. अंमलदाराने वहीत लिहिले की सर्व घरची माणसे, पगारी कोणी नाही. मग आपल्या पैशाने चार पोळ्या घेतल्या आणि गेला. छबू म्हणाली, "चला वहिनी, नणंदेला पगार नसतो, ओवाळणी असते. काढा ताट!" हलिमाबी हसली, बाईही हसल्या. हौसाबाई हसली नाही.

सांजेस रोज वाटतेवेळी तिने आपला रोज उचलिला आणि परत बाईंच्या हातावर ठेविला. "हे काय?" "घरच्या माणसाला रोज कसला गं, शरयू?" बारा वर्षांत तिने नाव घेतले ते हे पहिले. बाई गडबडून बोलिल्या, "अहो, ते साहेबांपुढं म्हणायचं म्हणून..." "साहेबापुढं म्हणजे सरकारापुढं. वहीत लिहिलंय त्यानं, मी बघितलं. माझी मुलगी गेली त्या साली माझ्या सख्ख्या जावेनं मला दारातून परत धाडलं होतं. तू चारचौघांत मला थोरली म्हणालीस. आता ते मागं घेऊ नको." आणि ती निघोन गेली.

(या ठिकाणी मूळ कागदावर 'पगारी हौसाबाई' असे होते, ते खोडले आहे. वर 'थोरल्या जाऊबाई' लिहिले, तेही खोडले आहे. मग नुसते 'हौसाबाई' ठेवून पुढे दोन बोटे जागा कोरी सोडली आहे. नकलणाराने ती कोरीच ठेविली.)

मग सहा दिवस ऐसे गेले की, हौसाबाई सर्वांआधी येई, फरशी धुई, आणि आमटीत मीठ अधिक पडले तर हलिमाबीस थोरलेपणाने दटावी, "हात आखडून गं, सगळ्यांचं रक्त पाणी करशील," आणि हलिमाबी "जी, आक्का," म्हणोन ऐकून घेई. शरयूबाईंच्या पाठीत उसण भरली तेव्हा तिने खुर्ची भिंतीकडे फिरवून तेल चोळिले. पहिली पोळी पुढे ठेविली तर ती ताट सारी, "थोरलीनं आधी खायचं नसतं. लहानांचं होऊ दे." ती पोळी मग हलिमाबीकडे जाऊ लागली. आणि रोजाचे पैसे ती घेईना. बाई रोज देत, ती रोज परत ठेवी, आणि बाई ते गल्ल्यात टाकीत, उद्या घेईल म्हणोन. यजमान गेल्यापासून त्यांस 'शरयू' म्हणणारे कोणी उरले नव्हते. ते कानास गोड लागले, आणि गल्लाही थोडा भरलेला दिसला, आणि या दोन गोष्टी एकाच माणसाकडून येत आहेत हे त्यांनी सहा दिवस आपणासच कळू दिले नाही.

सातवे दिवशी हौसाबाई पाणी भरण्यास मागे गेली, तो छबूने तवा उतरविला आणि बाईंपुढे येऊन उभी राहिली, आणि या वेळी तिच्या बोलण्यात थट्टा नव्हती. "बाई, काल तिच्या दारावरून गेले मी. शेगडी गार. म्हातारा म्हणाला, दोन दिवस शेजारणीकडून येतंय. ती सांगणार नाही तुम्हाला. ती खुळी आहे, पण खोटी नाही. खोटं तुम्ही बोललात, आणि खरं करून दाखवते ती." शरयूबाई बोलिल्या की

(पुढील दीड ओळ तुपाच्या डागाने वाचवत नाही.)

आणि चप्पल पायात सरकवून भर गर्दीच्या वेळी दुकान सोडोन कचेरीस गेल्या. अंमलदार टेबलाशी होता. "साहेब, त्या दिवशी लिहिलंत ते खोडा. तिघी कामाला आहेत माझ्याकडे." "बाई, लोक इथं याच्या उलटं सांगायला येतात." "येऊ देत. तुम्ही नव्या दरानं लिहा." "मागचा फरकही द्यावा लागेल." "देईन." त्याने वही उघडली, पाने उलटिली आणि विचारले, "आणि त्या आजी? त्या जाऊ ना तुमच्या?" बाईंनी वहीवर बोट ठेविले. मग बोलिल्या, "जाऊ आहेत. तुमच्या वहीत नाहीत."

परत आल्या तेव्हा त्यांनी हौसाबाईच्या हाती सहा दिवसांचा रोज नव्या दराने ठेविला आणि काय करून आलो ते सांगितले. हौसाबाई ऐकत राहिली. "म्हणजे वहीतून काढलंस." "तुम्हाला पगार मिळावा म्हणून." "म्हणजे मी परत कामवाली." "हो." हौसाबाईने पैसे कनवटीस लाविले, पदर एका खांद्यावर सोडिला आणि पोळपाटापाशी बसली. "बरं, बाई," इतकेच म्हणाली.

तेथोन पुढे राज्याची स्थिती ऐसी जाहली. पोळीमागे दोन रुपये पुन्हा चढले आणि या खेपेस उतरले नाहीत. तिसरा हिस्सा गिऱ्हाईक काचेच्या दाराकडे गेले ते गेलेच. रोज आठ तासांचा ठरला, म्हणोन सांजेची शेगडी विझविली, आणि सातास येणारे डबेवाले बंद शटर पाहून परतू लागले. खुर्चीत बसावयास कोणास सवड उरली नाही, सबब बाईंनी ती भंगारवाल्यास दिली, तेथे दुसरा पोळपाट मांडिला आणि स्वतः लाटण्यास बसल्या. छबूने महिन्याच्या अखेरीस मुलीची शाळेची फी एकरकमी भरली आणि पावती सर्वांस दाखविली. हलिमाबीने चष्मा केला. हौसाबाईचा नवरा दवाखान्यात नेला, कमरेस पट्टा बांधिला, आणि तो भिंत धरून दारापावेतो येऊ लागला. त्या तिघींस आकडा ठरला होता. बाईंस मात्र कोणी आकडा ठरविला नव्हता. तिघींचे देऊन, भाडे आणि सिलिंडर देऊन जे राहील ते त्यांचे, आणि कित्येक दिवशी काही राहत नसे. मनगटी दोन पाटल्या होत्या, माघात एकच दिसू लागली, आणि मग तीही दिसेना. पोळपाट शेजारी शेजारी होते, तरी हौसाबाई 'बाई' म्हणे, अधिक एक अक्षर बोलत नसे.

फाल्गुन वद्य तृतीयेस, सकाळी, शटर उघडण्यापूर्वी, छबूने पहिली पोळी उतरविली, तूप सोडिले, गूळ ठेविला आणि बारा वर्षांच्या सवयीने ताट हौसाबाईपुढे सरकविले. हौसाबाईने हात लाविला नाही. तिने शेजारच्या पोळपाटाकडे पाहिले, बाईंच्या रिकाम्या मनगटाकडे पाहिले, आणि ताट उचलोन त्यांच्या पिठाच्या हातांपुढे ठेविले. शरयूबाई बोलिल्या, "मला कशाला? ती तुमची असते. कायदा आहे इथला." "कायदा तूच घातलास. सगळ्यांत ओढाताण ज्याच्या घरी, त्याची." "हौसाबाई, अहो..." "खा गं, शरयू. गिऱ्हाईक खोळंबलंय बाहेर." छबू तव्याकडे तोंड करून उभी राहिली. हलिमाबी कांदा चिरीत होती, ती चिरीतच राहिली. बाईंनी पहिला घास मोडिला. मग दुसरा मोडिला. आणि पोळी सरेपावेतो कोणी शटर उघडिले नाही.

येणेप्रमाणे हुकूम आला, रोज वाढला, सांजेची शेगडी गेली, खुर्ची गेली, कोणासही घरी बसविले नाही. सांप्रत त्या राज्यात पहिली पोळी दोघींत वाटून जाते, तिसरा तुकडा छबू मागून घेते. वर कोरी सोडलेली दोन बोटे जागा तैसीच आहे. शाई येथे थांबविली.