उरलेले एकोणीस सेकंद

“शेवटच्या मिनिटाची काळजी तुम्ही करूच नका, ते माझ्याकडे लागलं!”

गिरधर नानांनी ही ग्वाही दिली तेव्हा प्रासंगिक कराराची एसटी एरंडोल मागे टाकून जळगावच्या रोखाने धावत होती. पुढच्या बाकांवर धुळ्यातल्या देवपूरच्या महाविद्यालयाचा बास्केटबॉल संघ होता. मागच्या बाकांवर नानांसह अडतीस पाठीराखे आणि दोन ढोल. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा अंतिम सामना होता, गाठ जळगावच्या महाविद्यालयाशी होती, आणि आपण जिंकणार याविषयी गाडीत कोणालाही शंका नव्हती. वाद चालला होता तो किती गुणांनी जिंकणार एवढाच!

नानांचा अधिकारही तसाच होता. धुळ्याच्या बसस्थानकावर त्यांनी चौतीस वर्षे वाहतूक नियंत्रक म्हणून काढली होती. “शिरपूरकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवरून सुटत आहे,” असे नाना ध्वनिक्षेपकात म्हणाले, की ती सुटायचीच. चालकाचा चहा कपात अर्धा राहिला तरी सुटायची! निवृत्तीनंतर मात्र त्या आवाजाला काम उरले नाही. जेवताना त्यांनी मीठ मागितले, तर शेजारच्या तीन घरांतून मीठ येई. “मी काय फलाटवर उभी शे का? हळू बोला ना!” असे त्यांच्या पत्नी इंदिराबाई दिवसातून चारदा तरी म्हणत.

त्या निराधार आवाजाला तीन वर्षांपूर्वी महाविद्यालयाच्या मैदानाने आसरा दिला. तेथील विजेच्या फलकावर उरलेला वेळ झळकत असे. नाना पहिल्या रांगेत उभे राहून शेवटचे दहा आकडे गर्जत, पाठीराखे त्यांत सूर मिसळत, आणि “शून्य!” या शब्दावर ढोल कडाडत. मोजावे नानांनीच, ही आता वहिवाट झाली होती. आणि नानांच्या मते फलक केवळ त्यांच्या घड्याळाला दुजोरा देत असे.

जळगावचे मैदान उघड्यावरचे निघाले. फलकावर गुण तेवढे पुठ्ठ्याच्या आकड्यांनी लावलेले, आणि वेळ दाखवणारे छोटे घड्याळ पंचांच्या टेबलावर, प्रेक्षकांकडे पाठ करून बसलेले!

“नाना, आता मोजणार कसं?” योगेंद्रने विचारले. हा तृतीय वर्षाचा विद्यार्थी पाठीराख्यांच्या समितीचा चिटणीस होता, आणि नाना अध्यक्ष.

नानांनी सदऱ्याची बाही मागे सारली. “मग हे मनगटावर काय बांधलंय? गंडा?”

“शेवटचं एक मिनिट!” असा टेबलावरून पुकारा झाला तेव्हा देवपूर चोपन्न आणि जळगाव त्रेपन्न असा गुणफलक होता. नानांनी सेकंदकाटा नजरेत धरला. त्या मिनिटात चेंडू दोनदा रेषेबाहेर गेला, एकदा पंचांनी खेळ थांबवून सांडलेले पाणी पुसून घेतले. पण नानांची नजर काट्यावरून तसूभर हलली नाही. मैदानात देवपूरचा कर्णधार सैफ चेंडू आपटत, प्रतिस्पर्ध्यांना हुलकावण्या देत वेळ काढत होता.

“दहा!” नाना गर्जले. “नऊ!” अडतीस कंठ गर्जले. “तीन! दोन! एक! शून्य!”

ढोल कडाडले! सैफने चेंडू अलगद जमिनीवर ठेवला आणि दोन्ही हात उंचावून पाठीराख्यांकडे पाहिले. त्याचे दोन साथीदार राखीव खेळाडूंच्या गळ्यात पडले. जळगावच्या एका उंच मुलाने क्षणभर इकडेतिकडे बघितले, रस्त्यात कोणाचे पडलेले पाकीट उचलावे तसा चेंडू हळूच हाती घेतला, आपटत आपटत टोपलीपर्यंत नेला आणि आत टाकला. शिट्टी वाजली ती तेव्हा! पंचावन्न–चोपन्न. सामना संपलाच नव्हता. आणि उरलेल्या अकरा सेकंदांत गळ्यात पडलेली माणसे परत मैदानात येईपर्यंत तो खरोखरच संपला.

परतीच्या गाडीत ढोलांनासुद्धा कोणी जागा देईना. मागच्या बाकांवरून वाग्बाण मात्र सुटत होते.

“कर्णधारसाहेब, चेंडू खाली ठेवताना एखादी उशी तरी द्यायची!”

“अरे, ठेवला कुठे? आहेर केला आहेर!”

“जळगावला मामा-बिमा आहे का रे याचा?”

सैफ खिडकीबाहेरच्या कपाशीकडे पाहत राहिला.

नानांना हा आरडाओरडा पटेना. ते तर्कशुद्ध विचारांचे गृहस्थ होते. “वेळ संपला होता, याला माझं घड्याळ साक्षी आहे. पंचांच्या टेबलानं जळगावला जादा वेळ बहाल केला!”

“पण नाना, शिट्टी वाजलीच नव्हती,” योगेंद्र म्हणाला. “शिट्टी ऐकल्याशिवाय यानं चेंडू सोडला कसा? कुणाच्या तरी सांगण्यावरून सोडला!”

“तसं असेल तर चौकशी व्हावी. नुसती बडबड नको, ठराव हवा!”

पारोळा येईपर्यंत नानांनी मांडीवर कागद ठेवून ठराव लिहून काढला. ज्याच्या कृतीमुळे कर्णधाराने वेळेआधी चेंडू सोडला असेल, मग तो पंच असो, खेळाडू असो वा अन्य कोणी, त्याने एक वर्ष महाविद्यालयाच्या मैदानावर पाऊल ठेवू नये. वय, नाते अथवा पूर्वीची सेवा यांची सबब ऐकली जाणार नाही. अजाणता घडले, असा बचाव करता येणार नाही. योगेंद्र म्हणाला, “नाना, उद्या गुन्हेगार भिंतीबाहेरून ओरडला तर?” नानांनी शाबासकी देऊन वाढवले: ‘पाऊल वा आवाज.’ ठरावाला आता मुंगी शिरेल एवढीही फट उरली नव्हती.

या ठरावाचा बोजा कोणावर पडणार, हे गाडीतल्या प्रत्येकाला दिसत होते. दुसरे नाव पुढे आले नाही, तर दोष सैफचाच ठरणार होता. विद्यापीठाच्या संघाची निवड पुढच्या आठवड्यात देवपूरच्याच मैदानावर व्हायची होती. सैफला मैदान बंद झाले, की निवडही बंद! दुसऱ्या दिवशी सायंकाळी पाच वाजता जिमखान्यात सभा ठरली.

सकाळी नाना पुरावा गोळा करण्यास निघाले. बसस्थानकासमोर फारुखचे घड्याळ-दुरुस्तीचे दुकान होते. फारुख म्हणजे सैफचे वडील. पण आरोपीच्या बापाकडूनच प्रमाणपत्र घेतले, तर कोणाला बोट ठेवता येणार नाही, असा नानांचा सूक्ष्म विचार!

फारुखने डोळ्याला भिंग लावून घड्याळ उघडले, मोबाइलवरच्या वेळेशी दहा मिनिटे ताडून पाहिले आणि झाकण लावले. “एकदम सही चाललंय, नाना. एका सेकंदाचा फरक नाही.”

“लिहून दे!”

फारुखने लिहून दिले. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, “पोरगं कालपासून जेवलं नाही. मी म्हटलं, चेंडू का सोडलास, सांग तरी! बोलतच नाही. लहानपणी इथंच बसायचा तो. तुमचा आवाज आला की म्हणायचा, अब्बा, साक्री गाडी सुटली. मी बघायचो, तर खरंच सुटलेली असायची! पाढे यायच्या आधी त्याला तुमचं वेळापत्रक पाठ होतं.”

नानांना बरे वाटले. एवढे बरे वाटले, की त्यांनी या बोलण्याचा पुढे काहीच विचार केला नाही.

तेथून ते क्रीडाशिक्षिका दिपमाला मॅडमकडे गेले. प्रमाणपत्र टेबलावर आपटून म्हणाले, “माझं घड्याळ अचूक आहे. याचा अर्थ जळगावनं वेळ वाढवला!”

“वाढवला नाही, नाना. थांबवला होता,” मॅडम म्हणाल्या.

“काय थांबवलं?”

“वेळ. चेंडू बाहेर गेला, पाणी पुसलं, तेव्हा पंचांनी शिट्टी वाजवली ना? शिट्टी वाजली की घड्याळ थांबतं. खेळ सुरू झाला की पुन्हा चालू. नियमच आहे तो. आपल्या फलकावरसुद्धा थांबतं. तुम्ही कधी पाहिलं नाही?”

नाना खुर्चीत ताठ झाले. “मॅडम, चौतीस वर्षांत मी गाड्या थांबलेल्या पाहिल्या. टायर फुटून थांबल्या, मोर्चात अडकून थांबल्या, म्हशी आडव्या आल्या म्हणून थांबल्या. गाडी थांबते, वेळ थांबत नाही! थांबत असता, तर मी एकाही गाडीला उशिराची नोंद लावली नसती!”

“बास्केटबॉलमध्ये थांबतो.”

“आणि तोवर काळ जातो कुठे?”

“कुठेच जात नाही, नाना. टेबलावर बसून राहतो. तुमचं शून्य झालं तेव्हा खेळाचे एकोणीस सेकंद उरले होते. अडतीस माणसं ओरडली, ढोल वाजले. मी सैफला विचारलं, कुणाचं ऐकलंस? तो म्हणतो, मला तसं वाटलं, बस. नाव काही सांगत नाही.”

फारुखच्या दुकानात न केलेला विचार नानांना आता करावा लागला. साक्री गाडी सुटली, अब्बा!

अकरापासून साडेचारपर्यंत नाना घरी बसून स्वतःचा ठराव वाचत होते. कैद्याने भिंती चाचपाव्यात तसे त्यांनी एकेक वाक्य चाचपून पाहिले. वयाची सबब? बंद. अजाणतेपण? बंद. पूर्वीची सेवा? तीही बंद! इतका निर्दोष मजकूर त्यांनी जन्मात लिहिला नव्हता.

“घड्याय बराबर शे ना?” इंदिराबाईंनी विचारले.

“अचूक आहे.”

“मंग मानूसच चुकना व्हई. सांगी टाका अन् मोकया व्हा!”

पाच वाजता जिमखाना भरला. सैफ कोपऱ्यात उभा होता. योगेंद्रने ठराव वाचला, टाळ्या झाल्या, आणि अध्यक्ष या नात्याने नाना उठले.

“गुन्हेगार मी आहे,” ते म्हणाले.

शेवटच्या रांगेतून कोणीतरी हुंदका दिल्यासारखा आवाज काढला. “बघा रे, बघा! पोराचं भविष्य वाचावं म्हणून म्हातारा स्वतःवर घेतोय!”

“देवमाणूस!” योगेंद्रने डोळे पुसले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

“देवमाणूस कसला! गाढव म्हणा!” नाना ओरडले.

“नाही नाही! असं बोलू नका, नाना!”

आयुष्यभर नानांनी आपली चूक नाही हे सिद्ध करण्यासाठी वाद घातले होते. आपलीच चूक आहे हे सिद्ध करताना मात्र त्यांना घाम फुटला. त्यांनी प्रमाणपत्र दाखवले, तर लोक म्हणाले, घड्याळ बरोबर तर तुम्हीही बरोबर! त्यांनी नियम सांगितला, तर लोक म्हणाले, असला कसला नियम! जसजसा नानांचा पारा चढला, तसतसे लोक अधिकाधिक गहिवरू लागले. अखेर नानांनी योगेंद्रच्या खिशातला मोबाइल ओढून काढला. “काल तू चित्रण केलंस ना? लाव ते!”

चित्रणात टेबलावरचा गृहस्थ घड्याळावर बोट ठेवून शांत बसला होता. पंचांची शिट्टी तोंडात होती आणि वाजत नव्हती. आणि या सगळ्यावरून, शिरपूर गाडी सोडावी अशा निःसंशय स्वरात, एक ओळखीचा आवाज सांगत होता: “एक! शून्य!” त्या शब्दावर सैफचे हात चेंडूवरून सुटले.

“म्हणजे... खरंच तुम्ही?” योगेंद्रने विचारले.

“तेच तर अर्धा तास ओरडून सांगतोय!”

गहिवर जितका हळूहळू चढला होता, तितकाच तो झटक्यात उतरला. “मग वेळ कशाला घालवायचा? टाका ठराव मताला!” देवमाणूस म्हणणाराच प्रथम हात वर करून मोकळा झाला. अध्यक्ष म्हणून हात नानांनाच मोजावे लागले, आणि त्यांनी ते चोख मोजले. बाजूने स्वतःच्या हातासह अडतीस.

“विरोधात?”

कोपऱ्यातून एक हात वर झाला. सैफचा!

“तुला मताचा अधिकार नाही. हात खाली घे,” नाना म्हणाले. त्यांचा आवाज प्रथमच एवढा लहान निघाला, की पुढच्या रांगेलाही तो नीट ऐकू गेला नाही.

“नाना, तुम्ही म्हणालात म्हणजे वेळ झाली असणार, असं वाटलं मला,” सैफ म्हणाला. मग अतिशय आदराने त्याने पुस्ती जोडली, “पण यापुढे शिट्टीचीच वाट बघीन.”

सैफची विद्यापीठाच्या संघात निवड झाली. नानांना मात्र पाऊल आणि आवाज दोन्ही घरात ठेवावे लागले. महिना कसाबसा गेला. मग एके सकाळी योगेंद्र हातात एक पाकीट घेऊन आला. पाकिटात पाठीराख्यांच्या नावे एक अर्ज होता. ‘गिरधर नाना या ज्येष्ठ व आदरणीय गृहस्थांवर लादलेली शिक्षा अमानुष असून ती तत्काळ मागे घ्यावी. त्यांचे वय, त्यांची सेवा आणि खेळावरील निस्सीम प्रेम यांचा विचार व्हावा,’ असे त्यात आर्जवाने लिहिले होते. खाली एकशे त्रेचाळीस सह्या होत्या!

नानांचे डोळे पाणावले. “जगात अजून कदर आहे रे, योगेंद्र! एकशे त्रेचाळीस माणसं! एवढं लिहिलंय कोणी?”

“शेवटची ओळ वाचा, नाना.”

नानांनी चष्मा सारखा केला. ‘पुढील सामन्यास त्यांना अवश्य सोबत आणावे, पहिल्या रांगेत मधोमध खुर्ची राखून ठेवण्यात येईल. आपले नम्र, जळगाव संघाचे समस्त पाठीराखे.’

नानांनी अर्जाची नीट घडी घातली. मग शक्य तितक्या हलक्या आवाजात त्यांनी विचारले, “तरीपण... अर्ज रीतसर आलेला आहे. समितीपुढे ठेवायला काय हरकत आहे?”

“ठेवला ना काल,” योगेंद्र म्हणाला. “म्हणून तर आलो. तुमची शिक्षा दोन वर्षांची झाली!”